पुन्हा मोठी गोळी कशाला?

मागच्या अंकात सैन्याच्या नव्या रायफलींवर लेख आला होता: पायदळाला मिळालेली अमेरिकन सिग ७१६, उत्तर प्रदेशात अमेठीजवळ कोरव्याला बनणारी एके-२०३ आणि हळूहळू निरोप घेणारी इन्सास. त्यावर आलेली पत्रं संपादकांनी माझ्याकडे पाठवली. मी पायदळात एसएलआर या इन्सासआधीच्या रायफलीवर शिकलो, नंतर इन्सास आणि एके दोन्हींवर रंगरूटांना शिकवलं आणि सुभेदार म्हणून निवृत्त झालो. बहुतेक पत्रांत अविश्वास आहे, काहींत संताप आहे. मला त्याचं बरंच वाटलं. गावातली पोरं ज्या हत्याराच्या भरवशावर सीमेवर उभी राहतात, त्याबद्दल गावानं विचारायलाच हवं. फक्त शंका बरोबर जागी घ्यावी, एवढंच मला सांगायचं आहे.

प्रश्न : इन्सास आपली, पुण्यात तयार झालेली. ती टाकून अमेरिकेची आणि रशियाची रायफल घेणं म्हणजे आपल्याच माणसांवर अविश्वास नाही का? आम्ही भरती झालो तर आमच्या हातात कोणती येईल?
(सैन्यभरतीची तयारी करणारा तरुण, कराड तालुका)

उत्तर : शेवटचं आधी सांगतो. इन्सास लाखोंच्या संख्येनं सेनेत आहे, ती एका रात्रीत जाणार नाही. प्रशिक्षणात तिच्याशीच गाठ पडली तर नवल वाटू देऊ नकोस. पुढं काय मिळेल ते तुझी पलटण कुठं आहे त्यावर ठरेल. नियंत्रण रेषा आणि चीनची सीमा इथल्या पायदळासाठी आधी सिग, आणि मोठ्या संख्येनं द्यायची ती एके-२०३, असा सरकारचा आराखडा आहे.

आता इन्सासचं. १९६२ साली आपला जवान चीनसमोर पॉइंट थ्री नॉट थ्री घेऊन उभा होता. प्रत्येक गोळीनंतर हातानं बोल्ट मागं-पुढं करायचा. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यातली एसएलआर आली, ७.६२ बाय ५१ मिलिमीटरची दणकट गोळी (पहिला आकडा गोळीच्या जाडीचा, दुसरा तिच्या दारू भरलेल्या पितळी खोक्याच्या लांबीचा) आणि वीस गोळ्यांचं मॅगझिन. जगात लहान गोळीचं वारं सुरू झालं तेव्हा १९८०च्या दशकात पुण्याच्या पाषाणमध्ये, एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेत, ५.५६ मिलिमीटरची इन्सास आकाराला आली. २६ जानेवारी १९९८च्या संचलनात ती देशानं पाहिली. लोक विसरतात ती गोष्ट अशी की रायफल तयार होती तेव्हा तिची गोळी पुरेशी तयार नव्हती. आपल्याकडं ५.५६चं उत्पादन मागं पडलं, गोळ्या इस्रायलकडून घ्याव्या लागल्या, आणि त्याच्या आधीच काश्मीरसाठी परदेशी एके रायफली आणाव्या लागल्या होत्या.

मग १९९९ आलं. कारगिलच्या थंडीत इन्सासची प्लास्टिकची मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या, रायफल अडकल्याच्या आल्या, तेल उडून डोळ्यांत गेल्याच्या आल्या. माझी पलटण तेव्हा दुसरीकडं होती, त्यामुळं मी तिथलं डोळ्यांनी पाहिलेलं सांगत नाही. पण ते अर्धपारदर्शक मॅगझिन मी वर्षानुवर्षं हाताळलं आहे. आतल्या गोळ्या बाहेरून दिसतात ही मोठी सोय होती, जवानाला किती उरल्या ते कळे. पण भरलेलं मॅगझिन दगडावर पडलं की मी आधी त्याची वरची ओठं तपासायचो, जिथून गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या तोंडात, जाते ती जागा. तिथं केसाएवढी चीर असली तरी पुढची गोळी तिरकी जाते.

तरीही इन्सास टाकाऊ होती असं मी म्हणणार नाही. धक्का कमी असल्यामुळं नवख्या पोराची ग्रुपिंग, म्हणजे सगळ्या गोळ्या जवळजवळ लागणं, एसएलआरपेक्षा लवकर जमायची. ब्रिटिशांची एसए-८० रायफल १९८५ साली आली तेव्हा तिची गत इन्सासपेक्षा वाईट होती. चालताना कपड्याला घासून मॅगझिन गळून पडे. त्यांनी २०००च्या सुमारास हेक्लर अँड कॉख कंपनीकडून ती मुळापासून सुधारून घेतली आणि आजही ती वापरात आहे. आपण इन्सासमध्ये बदल केले, पण तुकड्यातुकड्यांनी. दरम्यान २०११ साली दोन प्रकारच्या गोळ्या चालवणाऱ्या परदेशी रायफलीची निविदा काढली, ती २०१५ साली रद्द केली. २०१७ साली ईशापूरची नवी ७.६२ची रायफल चाचणीत नापास झाली. इतकी वर्षं निर्णयाविना गेल्यावर सीमेवरच्या जवानाला थांबवून ठेवता येत नाही, म्हणून फेब्रुवारी २०१९मध्ये ७२,४०० सिग रायफली साधारण सातशे कोटींना घेतल्या, आणि २०२४ साली आणखी ७३,०००.

म्हणून मित्रा, परदेशी रायफल घेतली याचा राग कर, पण तो त्या वाया गेलेल्या वर्षांवर कर. पाषाणच्या लोकांनी हात टेकलेले नाहीत. जानेवारी २०२४मध्ये त्यांनी हैदराबादच्या खासगी कंपनीबरोबर ‘उग्रम’ ही ७.६२ बाय ५१ची रायफल पुढं आणली, वजन चार किलोच्या आत. ती चाचण्यांत खरी उतरावी अशी माझी मनापासून इच्छा आहे.

प्रश्न : इन्सासची ५.५६ची गोळी शत्रूला मारण्यासाठी नव्हे, जखमी करण्यासाठी बनवली होती, म्हणजे एक जखमी उचलायला दोघं गुंततात, असं आम्ही ऐकत आलो. मग आता पुन्हा मोठ्या गोळीकडं जाण्याचं कारण काय? आधीचे तज्ज्ञ चुकले होते का?
(निवृत्त शिक्षक, भुसावळ. यांचे थोरले बंधू वरणगावच्या आयुध निर्माणीत होते.)

उत्तर : गुरुजी, ही गोष्ट मीसुद्धा उस्तादांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती मला कधी पटली नाही. कोणताही जवान समोरच्याला जखमी करावं म्हणून नेम धरत नाही. शिवाय काश्मीरमध्ये अतिरेकी आपल्या जखमी साथीदाराला उचलायला थांबत नसत.

लहान गोळी आली ती वजनामुळं. तुमचे बंधू ज्या कारखान्यात होते तिथं बनणारी ५.५६ची एक गोळी साधारण १२ ग्रॅमची. एसएलआरची साधारण २४ ग्रॅमची. एकेची ७.६२ बाय ३९ मधली, १६-१७ ग्रॅमची. शंभर गोळ्या घेतल्या तर सव्वा किलो आणि जवळजवळ अडीच किलो असा फरक पडतो. डोंगर चढणाऱ्या माणसाला, पाठीवर पाणी, शिधा, ग्रेनेड, बुलेटप्रूफ जाकीट असताना, हा फरक गुडघ्यात जाणवतो. लहान गोळीचा धक्का कमी, दुसरा नेम पटकन लागतो, आणि तेवढ्याच वजनात दुप्पट गोळ्या जातात. त्या हिशेबात खोट नव्हती.

पण मोठ्या गोळीचा जोर मोठा. ७.६२ बाय ५१ची ऊर्जा नळीतून निघताना ५.५६च्या दुपटीच्या आसपास असते. दरीच्या पलीकडच्या चौकीवर, चारशे-पाचशे मीटरवर, दगडाच्या आडोशावर किंवा जाकिटावर ती अधिक भरवशाची. नियंत्रण रेषेवर हे अंतर नेहमीचं. गल्लीतल्या किंवा जंगलातल्या चकमकीत बहुतेक गोळीबार शे-दोनशे मीटरच्या आत होतो. तिथं तीस गोळ्यांचं मॅगझिन आणि चिखलातही चालणारी एके जास्त उपयोगी. एके-२०३चा प्रभावी पल्ला तीनशे मीटरचा धरतात. म्हणजे आधीचे तज्ज्ञ चुकले असं नाही. त्यांच्यापुढचं काम वेगळं होतं. आणि ५.५६ची गोळी संपलेली नाही. पाषाणच्या एआरडीईनं आखलेली आणि पुण्याच्या भारत फोर्जनं हाती घेतलेली जवळच्या लढाईची नवी कार्बाइन, म्हणजे आखूड रायफल, ५.५६चीच आहे.

प्रश्न : साहेब, माझा मुलगा पलटणीत आहे. मोबाईलवर व्हिडिओ येतात की नवी रायफल अडकते, जवान हातानं खेचत बसतो. तेव्हापासून मला झोप लागत नाही. हे खरं असेल तर आम्ही आयांनी काय करायचं?
(एक माता, खटाव तालुका)

उत्तर : ताई, तुमच्या पत्राला सविस्तर उत्तर देतो.

आधी हे की जगातली प्रत्येक रायफल कधी ना कधी थांबते. आम्ही त्याला ‘रोक’ म्हणतो. रंगरूटाला पहिल्या काही आठवड्यांतच शिकवलं जातं की रायफल थांबली तर विचार करत बसू नकोस, हात आपोआप चालला पाहिजे: कॉक कर, आत बघ, मोकळी कर, पुन्हा नेम धर. व्हिडिओत जवान हातानं खेचताना दिसतो तो बहुतेक वेळा हीच कवायत करतो आहे. अशा कवायतीत पटाईत झालेला मुलगा पाहून मला काळजी वाटत नाही, समाधान वाटतं.

रोक येते कशामुळं? मॅगझिनची स्प्रिंग मेलेली, ओठ वाकलेले, चेंबरमध्ये वाळू, गोळीला ओल लागलेली, रिकामं खोकं बाहेर न पडलेलं. यातलं बरंचसं माणसाच्या हातात असतं. तुमचा मुलगा संध्याकाळी काय करत असेल ते सांगतो. ग्राउंडशीट अंथरून रायफल खाली करतो, मॅगझिन बाजूला, वरचं कव्हर काढतो, पिस्टन काढतो. पिस्टनच्या तोंडावर काजळी घट्ट बसलेली असते, ती नखानं निघत नाही, घासावी लागते. मग पुलथ्रूच्या दोरीत चिंदी अडकवून नळीतून ओढतो. सफाईची चिंदी चार इंच बाय दोन इंच, तेलाची चार बाय दीड, कारण तेलाची चिंदी घट्ट बसली तर तेल नळीला लागण्याऐवजी पिळून निघतं. पहिली चिंदी काळीकुट्ट निघते, ती पांढरी निघेपर्यंत हे चालतं. वाळवंटात तेल कमी लावायचं, नाहीतर धूळ त्यातच बसते. बर्फात तर आणखी सांभाळावं लागतं. उबदार बंकरमध्ये आणलेल्या थंड रायफलीवर घाम धरतो, आणि ती परत बाहेर नेली की तोच घाम आत गोठतो. जुने जवान म्हणूनच बर्फातली रायफल उबेत आणू देत नाहीत. हे कुणी व्हिडिओत दाखवत नाही.

तरीही तुमची शंका मी उडवून लावणार नाही, कारण अशीच शंका एकदा खरी ठरली आहे. अमेरिकेनं व्हिएतनामच्या लढाईत एम-१६ ही नवी रायफल दिली. मूळ चाचण्या एका प्रकारच्या दारूच्या गोळीवर झाल्या होत्या आणि मोठं उत्पादन सुरू झालं तेव्हा दारू बदलली. नव्या दारूनं रायफलीच्या गोळीबाराचा वेग वाढला आणि आत जास्त घाण साठू लागली. चेंबरला क्रोमचा लेप नव्हता, दमट जंगलात गंज धरे. त्यावर कडी म्हणजे या रायफलीला फारशी सफाई लागत नाही असा समज पसरवला गेला, आणि सफाईचं सामान पुरेसं पोचलंच नाही. जवान अडकलेल्या रायफली हातात घेऊन मेले. त्यांनी घरी पत्रं लिहिली, घरच्यांनी ती लोकप्रतिनिधींकडं नेली, आणि १९६७ साली तिथल्या संसदीय समितीनं चौकशी करून लष्कराच्या कारभारावर ठपका ठेवला. नंतर क्रोमचा लेप आला, सफाईचं सामान आलं, शिकवणी आली, आणि तीच रायफल पुढं सुधारली. आया-बापांनी आवाज केला म्हणून हे लवकर झालं, हे मी मुद्दाम सांगतो.

आपल्या शेजारी नेपाळमध्येही २००५ साली कालिकोटच्या पिली इथल्या तळावर माओवाद्यांनी हल्ला केला, त्यात ४३ सैनिक गेले. नेपाळी सेनेनं आपण दिलेल्या इन्सासला दोष दिला. आपल्या बाजूनं उत्तर गेलं की वापर आणि निगा बरोबर नव्हती. मला विचाराल तर अशा वेळी खोट कुठं आहे ते शोधायचं असतं. हत्यार देणाऱ्यानं शिकवणीही द्यायची असते आणि घेणाऱ्यानं ती मागून घ्यायची असते.

तुम्ही काय करायचं? मुलाला फोनवर हत्याराचं नाव, पलटणीचं ठिकाण काही विचारू नका, ते त्याच्या जिवाशी असतं. ‘रेंजवर जातोस का? निशाणा कसा लागतोय?’ एवढं विचारा. नवी रायफल हातात आली की ती स्वतःच्या डोळ्याला झिरो करावी लागते, म्हणजे साइट अशी बसवायची की नेम धरला तिथंच गोळी लागेल. तो ‘आई, कालच फायरिंग होतं’ असं म्हणाला तर तुम्ही निवांत झोपा. आणि तो सुट्टीवर आल्यावर, घरात बसून, काही खटकलं असं सांगू लागला तर ते मनात ठेवू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, तुमच्या खासदाराला भेटा. त्याचं नाव-गाव न घेता विषय मांडता येतो.

प्रश्न : अमेरिकेनं ५.५६ सोडून ६.८ मिलिमीटरची गोळी घेतली. आपण मात्र जुन्याच गोळ्यांत अडकलो, असं इथले माझे सहकारी म्हणतात.
(संगणक अभियंता, मूळचे सांगलीचे, सध्या न्यू जर्सी)

उत्तर : तुमच्या आजूबाजूला त्या रायफलीवर काय वाद चाललाय तोही ऐका. एप्रिल २०२२मध्ये अमेरिकी लष्करानं हे काम सिग कंपनीलाच दिलं, तीच कंपनी जिची ७१६ आपण घेतली. नव्या रायफलीचं नाव एम-७. गोळी ६.८ बाय ५१, खोक्याचं बूड स्टीलचं आणि अंग पितळेचं, कारण आतला दाब ८०,००० पीएसआय (दाबाचं माप) इतका जातो आणि निव्वळ पितळ तो सोसणार नाही. जाकिटावर आणि लांबच्या पल्ल्यावर जोर हवा म्हणून हा खटाटोप. पण मॅगझिन वीसचं झालं. ५.५६ची सात मॅगझिनं म्हणजे २१० गोळ्या, याची सात म्हणजे १४०. सायलेन्सर लावला की नुसती रायफलच साडेचार किलोच्या आसपास जाते. त्यांच्याच एका अधिकाऱ्यानं यावर उघड टीका केली आहे, आणि त्यांच्या मरीन दलानं स्वतःची ५.५६ची रायफल सोडलेली नाही. आपण या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे. ज्या गोळीचा कारखाना, साठा आणि सराव आपल्याकडं नाही ती गोळी आणणं म्हणजे १९९०च्या दशकातली इन्सासची अडचण पुन्हा ओढवून घेणं.

प्रश्न : राम राम साहेब. मी एसएलआरवाला. आमच्या माजी सैनिकांच्या मेळाव्यात सगळ्यांचं एकच म्हणणं, एसएलआरच परत आणा.
(निवृत्त हवालदार, चंदगड)

उत्तर : राम राम. एसएलआरची गोळी परत आलीच आहे! सिगमध्ये जाते ती ७.६२ बाय ५१चीच, आपण रेंजवर खांदा काळा-निळा करून घेतला तीच. पेपरात ‘नवी गोळी’ छापून आलं म्हणून गैरसमज झाला. रायफल मात्र तीच नको. एसएलआर लांब होती, गाडीतून उतरताना अडखळायची, दुर्बीण किंवा रात्रीचं साधन बसवायला जागा धड नव्हती. सिगची नळी आखूड आहे, वर पट्टी आहे, त्यावर साइट बसते. तुमच्यासारख्यांनी मेळाव्यात नव्या पोरांना जुन्या रायफलीच्या गोष्टी जरूर सांगाव्यात, पण तिच्यात त्यांचं मन अडकवू नये.

प्रश्न : मी सरकारी भांडार विभागात आयुष्य काढलं, म्हणून हिशेबाची शंका. एकाच पलटणीत सिगची एक गोळी, एकेची दुसरी, इन्सासची तिसरी. ऐन लढाईत चुकीची पेटी पोचली तर? पाच हजार कोटी खर्चून आपण गोंधळ विकत घेतला का?
(निवृत्त भांडारपाल, नाशिक)

उत्तर : सगळ्या पत्रांत हीच शंका मला सर्वांत मोलाची वाटली, कारण ती रायफलीच्या देशावर नाही, पुरवठ्यावर आहे.

तुम्ही तीन म्हणालात, मी आणखी भर घालतो. सिग ७.६२ बाय ५१. मध्यम मशीनगनचा पट्टाही ७.६२ बाय ५१. मार्च २०२०मध्ये इस्रायलकडून १६,४७९ नेगेव्ह हलक्या मशीनगन ८८० कोटींना घेतल्या, त्यांचीही तीच. एके-२०३ची ७.६२ बाय ३९. इन्सास रायफल आणि इन्सासची हलकी मशीनगन ५.५६. ड्रॅगुनोव्ह स्नायपरची ७.६२ बाय ५४. शिवाय पिस्तूल-कार्बाइनची ९ मिलिमीटर. यात ‘७.६२’ तीन प्रकारांत येतं, पण खोक्याची लांबी वेगळी, त्यामुळं एकीची गोळी दुसरीत बसतच नाही. अंधारात, पावसात, खेचरावरून उतरवलेल्या पेटीवर बॅटरीच्या उजेडात नुसतं ७.६२ वाचून पेटी पुढं गेली, तर पुढच्या माणसाच्या हातात पितळेचं ओझं येतं.

आता बचावाची बाजूही सांगतो, ती खरी आहे म्हणून. सेना हे आजच शिकत नाही. राष्ट्रीय रायफल्स या सेनेच्या दलात आणि काश्मीरमधल्या पलटणींत एके आणि इन्सास वर्षानुवर्षं शेजारी नांदल्या. पेट्यांवर प्रकार, लॉट नंबर, वर्ष सगळं असतं, आणि पेटी मोजून घेणारा कोत एनसीओ, म्हणजे पलटणीचं शस्त्रागार सांभाळणारा, डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो. सिग आणि नेगेव्ह यांची गोळी एकच आहे ही तर जमेची गोष्ट. गरज पडली तर पट्ट्यातल्या गोळ्या काढून मॅगझिनं भरता येतात. इन्सास रायफल आणि तिची मशीनगन यांतही पूर्वी हाच विचार होता. माझं म्हणणं एवढंच की एका सेक्शनमध्ये, दहा माणसांत, शक्य तितकी एकच गोळी असावी. अर्ध्यांकडं सिग आणि अर्ध्यांकडं एके असं वाटप झालं तर तुमची भीती खरी होईल.

वेळेचंही तेच. कोरव्याच्या कारखान्याचं उद्घाटन मार्च २०१९मध्ये झालं. ६,०१,४२७ एके-२०३ रायफलींच्या करारावर सह्या झाल्या ६ डिसेंबर २०२१ला. जुलै २०२४पर्यंत पस्तीस हजार रायफली सेनेला मिळाल्या होत्या. बदल इतका लांबला की जुनं आणि नवं दोन्ही एकाच वेळी सांभाळावं लागतं, जुन्याचे सुटे भागही आणि नव्याचेही. तुमच्यासारख्या भांडारातल्या माणसाला याचा ताप मी वेगळा सांगायला नको.

गोळीचं म्हणाल तर १ ऑक्टोबर २०२१ला आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या केल्या. दारूगोळ्याची म्युनिशन्स इंडिया, तिचं मुख्यालय आपल्या पुण्यात. खडकीचा १८६९ सालचा दारूगोळा कारखाना आणि वरणगावचा कारखाना तिच्याकडंच. म्हणजे रायफल अमेरिकेची असो की अमेठीची, ती किती भरवशाची ठरेल त्याचा मोठा हिस्सा महाराष्ट्रातल्या कामगारांच्या हातात आहे. एका लॉटची दारू किंचित कमी-जास्त झाली तर नेम हलतो. म्हणून लॉट बदलला की झिरो पुन्हा तपासायची असते, आणि त्यासाठी सरावाच्या गोळ्या लागतात.

इथं मला खरी काळजी आहे. कॅगच्या २०१७च्या अहवालात, सप्टेंबर २०१६च्या स्थितीनुसार, १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरणारा नव्हता. त्यात तोफा-रणगाड्यांचा दारूगोळाही आला, हे नीट लक्षात घ्यावं. पण साठा आटला की पहिली कात्री बसते ती सरावाला. रेंजवर पाच गोळ्यांऐवजी तीन मिळतात, आणि जवान नव्या रायफलीला नुसता पुसत राहतो, तिच्याशी ओळख होत नाही.

तेव्हा तुमच्या खासदारांना पत्र लिहिणार असाल तर अमेरिका की रशिया हे विचारू नका. असं विचारा: सिग आणि एके-२०३ या दोन्हींसाठी दर जवानामागं दरवर्षी सरावाच्या किती गोळ्या मंजूर आहेत आणि प्रत्यक्षात किती मिळाल्या? या दोन्ही गोळ्या किती प्रमाणात देशात बनतात? मॅगझिन, स्प्रिंगा, नळ्या यांचा किती वर्षांचा साठा करारात बांधून घेतला आहे? आकडे गोपनीय असतील तर संसदेच्या संरक्षणविषयक स्थायी समितीपुढं तरी ते ठेवले गेले का? तुमच्या पत्राची एक प्रत माझ्याकडं पाठवा, मीही खाली सही करतो.